करारावर सही आहे, तरी फोटो काढून टाकायचा का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात लग्नसमारंभांचे फोटो काढतो. पोट त्यावर चालतं. गेली काही वर्षं सवड मिळेल तशी नग्न व्यक्तिचित्रांची एक मालिका करतोय. कृष्णधवल, खिडकीच्या उजेडात. बहुतेक स्त्रिया, दोन पुरुष, वयं पंचविशीपासून साठीपर्यंत. व्यावसायिक मॉडेल कुणीच नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. इन्स्टाग्रामवर टाकलेले फोटो दोनदा काढले गेले, मग खातंच बंद झालं. म्हणून स्वतःच्या वेबसाइटवर साठेक फोटोंचं दालन उघडायचं ठरवलं. तेवढ्यात एकीने कळवलं की माझे फोटो टाकू नका, लग्न ठरलंय. तिचा चेहरा फक्त एका फोटोत दिसतो आणि नेमका तोच मालिकेतला सर्वांत चांगला आहे. करारात ‘कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ असं स्पष्ट आहे. बायकोचा विरोध नाही, पण नातेवाइकांना कळलं तर काय आणि लग्नाची कामं तुटतील का, ही धास्ती आहे. मुख्य प्रश्न असा की हे अश्लील ठरलं आणि पोलीस दारात आले तर? कलाकाराने किती घाबरायचं?

उत्तर:

अश्लीलतेचा प्रश्न तुम्ही ‘मुख्य’ म्हणून शेवटी ठेवलात आणि त्या बाईंचा निरोप मधेच, एक अडचण म्हणून सांगितलात. मला हा क्रम उलटा वाटतो. पोलीस येतील की नाही हे तुमच्या हातात फारसं नाही. त्या बाईंना काय उत्तर द्यायचं हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, म्हणून आधी त्यांचं बोलू.

फोटो काढून टाका. तो एकच नाही, त्यांचे सगळेच. कारण विचारू नका, ‘चेहरा कापून बाकीचे ठेवू का’ अशी घासाघीसही करू नका. चेहरा नसला की ओळख नसते, हा तुमच्या पत्रातला पहिला समज, आणि तो चुकीचा आहे. माणूस ओळखू येतो तो मानेवरच्या तिळावरून, लहानपणीच्या भाजल्याच्या डागावरून, दंडावरच्या लसीच्या खुणेवरून, कानातल्या डुलावरून, मागच्या खिडकीच्या ग्रिलच्या नक्षीवरून. अनोळखी माणसाला यातलं काही दिसणार नाही. पण ज्यांच्यापासून त्यांना हे फोटो दूर ठेवायचे आहेत, ती माणसं अनोळखी नाहीतच. शिवाय त्याच गादीवर, त्याच उजेडात काढलेला दुसरा फोटो चेहऱ्यासकट कुठे असेल, तर दोन्ही जोडायला कुणाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरा समज त्या सहीबद्दलचा. ‘कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ ही भाषा जाहिरातीच्या मॉडेल रिलीजमधून, म्हणजे मॉडेलच्या परवानगीच्या करारातून, आलेली आहे. तिथे साडीच्या किंवा साबणाच्या जाहिरातीसाठी मानधन घेतलेली मॉडेल असते आणि आपला चेहरा होर्डिंगवर जाणार हे तिला ठाऊक असतं. तुमच्यासमोर बसलेल्या बाईंनी त्या दिवशी तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली. आपले फोटो शोधपट्टीत नाव टाकणाऱ्या कुणालाही, दहा वर्षांनीही, फोनवर दिसतील हा विचार त्यांनी त्या सहीत केला होता का? तुम्ही तरी तेव्हा केला होता का? वेबसाइट तर आत्ता ठरली.

कायदाही या दोन संमती वेगळ्या मानतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (जुन्या दंडसंहितेतलं ३५४ क) स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याबद्दल आहे. त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्त्रीने चित्रणाला होकार दिला, पण ते इतरांना दाखवायला दिला नाही, आणि तरीही ते पसरवलं गेलं, तर तोही या कलमाखाली गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई संमतीशिवाय खाजगी अवयवांचं चित्र टिपणं आणि प्रसिद्ध करणं या दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. तुमच्याकडे लेखी करार आहे, त्यामुळे तुमचा वकील बराच युक्तिवाद करू शकेल. पण जिच्या चेहऱ्यामुळे मालिका उभी आहे तिच्याविरुद्ध स्वतःचा करार दाखवत न्यायालयात उभं राहायचं, हे तुम्हाला खरंच हवंय का? जिंकलात तरी तो फोटो ‘तिला नको असताना लावलेला फोटो’ म्हणूनच राहील, आणि पुढे तुमच्यासमोर कुणी बसणार नाही.

‘काढून टाकले’ म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण करायला एक संध्याकाळ लागते. त्यांचे फोटो कुठे कुठे गेले याची यादी करा: इन्स्टाग्रामच्या आधीच्या पोस्ट, स्पर्धांना पाठवलेल्या फाइल, बिहान्ससारख्या साइटवरचा पोर्टफोलिओ, रिटचिंग करणाऱ्या मुलाचा संगणक, प्रिंट लॅबला दिलेला पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲपवर पाठवलेले नमुने (ते पुढच्या माणसाच्या गॅलरीत आणि तिथून त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये आपोआप जाऊ शकतात), आणि तुमच्या स्वतःच्या फोनचं गूगल फोटोज. वेबसाइट चाचणीसाठी कधी उघडी ठेवली असेल तर सर्व्हरवरची मूळ फाइल पुसून भागत नाही. वर्डप्रेस एकेका फोटोच्या चार-पाच आकारांच्या प्रती बनवून ठेवतं, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. मग सीडीएनचा (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेचा) कॅशे रिकामा करायचा, आणि गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनातून पत्ता काढायची विनंती करायची. ही विनंती साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून मूळ पान खरोखर गेलेलं असलं पाहिजे. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये प्रत अडकली असेल तर साइटचा मालक म्हणून त्यांना ईमेलने कळवता येतं. एवढं झाल्यावर त्या बाईंना लेखी कळवा: कुठून काढलं, कुठून निघू शकलं नाही, आणि मूळ फाइलचं काय करणार. मूळ फाइल नष्ट करायची की कुलूपबंद ठेवायची, हे त्यांनी ठरवावं. मी तुमच्या जागी असतो तर त्यांनी म्हटलं तर कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइलही पुसली असती, आणि हळहळलोही असतो.

आता उरलेले लोक. त्यांच्या जुन्या सह्यांवर दालन उघडू नका. प्रत्येकाला पुन्हा भेटा किंवा फोन करा, वेबसाइटवर नेमके कोणते फोटो जाणार ते लॅपटॉपवर दाखवा आणि नवं संमतिपत्र करा. सही त्याच बैठकीत घेऊ नका, तीन-चार दिवस जाऊ द्या. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे फार अवघड जातं. घरी गेल्यावर, शांतपणे विचार करून आलेलं हो हेच खरं हो.

संमतिपत्र मराठीत असावं, दोन पानांत मावावं, आणि ‘कोणत्याही माध्यमात’ या शब्दांच्या जागी वेगवेगळ्या ओळी असाव्यात. प्रत्येक ओळीपुढे हो-नाही आणि आद्याक्षरं: कलादालनात छापील प्रदर्शन, पासवर्ड असलेली वेबसाइट, सर्वांना खुली वेबसाइट, सोशल मीडिया, पुस्तक, स्पर्धा, प्रिंटची विक्री. एक ओळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी फोटो न देण्याबद्दल. आजच्या घडीला ती हवीच. फोटोंचे फाइल क्रमांक लिहा आणि छोट्या आकाराच्या छपाईचं एक पान जोडा, म्हणजे ‘हा फोटो मी पाहिलाच नव्हता’ असा प्रश्न उद्भवत नाही. नाव द्यायचं, टोपणनाव द्यायचं की काहीच नाही? अंगावरच्या खुणा ठेवायच्या की पुसायच्या? आणि शेवटी माघारीचं कलम: लेखी कळवल्यापासून सात दिवसांत ऑनलाइन फोटो निघतील, कारण द्यावं लागणार नाही, पैसे परत मागितले जाणार नाहीत. विकल्या गेलेल्या प्रिंट परत आणता येणार नाहीत, हेही तिथेच लिहा. दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे द्या. महाराष्ट्रात करारासाठीचा किमान मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा झालाय, तो लावलेला बरा.

माघारीच्या कलमामुळे मालिका कधीही विस्कटेल, असं तुम्हाला वाटेल. विस्कटू शकते. प्रत्यक्षात मात्र बाहेर पडता येतं हे माहीत असलेली माणसं जास्त मोकळेपणाने बसतात, आणि ते फोटोत दिसतंही.

वयाबाबत कसलीही सूट नाही. अठरा पूर्ण असल्याचा पुरावा चित्रणाच्या आधी डोळ्यांनी बघा, जन्मतारीख नोंदवा. आधारची प्रत ठेवायचीच तर पहिले आठ आकडे झाकलेली ठेवा. अठराखालच्या व्यक्तीबाबत कलेचा बचाव मनातही आणू नका; तिथे पॉक्सो लागतो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७बी लागतं.

कॉपीराइटचं थोडक्यात: १९५७ च्या कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. पण समोरच्या व्यक्तीने पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढवून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी तिची. तुमच्या बैठकांपैकी एखादी ‘माझा पोर्टफोलिओ करून द्या’ म्हणून पैसे घेऊन झाली असेल, तर ते फोटो मालिकेत टाकायचा हक्क तुमच्याकडे बहुधा नाहीच.

आता पोलिसांचं. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९५४ साली मुंबईत जहांगीर कलादालनात अकबर पदमसींच्या एका चित्रावरून खटला भरला गेला आणि ते सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात जुनी ब्रिटिश ‘हिकलिन कसोटी’ (एखादा सुटा भाग कमकुवत मनांना बिघडवू शकतो का, एवढंच बघणारी) बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाच्या मापाने, संपूर्ण संदर्भासह बघायला सांगितलं. तो खटला टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या जोडीदाराच्या नग्न छायाचित्रावरून होता. ते छायाचित्र तिच्या वडिलांनी काढलं होतं आणि त्यामागचा वर्णभेदविरोधी आशय न्यायालयाने विचारात घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सीमाशुल्क विभागाने अश्लील म्हणून अडवलेली पदमसींची आणि गोव्यात जन्मलेल्या सूझांची चित्रं सोडायला लावली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हाच त्या निकालाचा गाभा.

एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पदमसी आणि सूझांची ती रंगवलेली आणि रेखाटलेली चित्रं आहेत. छायाचित्रात खरी, ओळखू येणारी व्यक्ती असते, त्यामुळे तक्रार करणारेही जास्त आणि तिचं होणारं नुकसानही जास्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं प्रदर्शन आता स्पष्टपणे धरलंय. ऑनलाइनसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ आहे, पहिल्या वेळी तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यांच्या हितासाठीच्या प्रकाशनाला अपवाद आहे, पण मूळ इंग्रजीत शब्दरचना ‘सिद्ध झाल्यास’ अशी आहे. म्हणजे सिद्ध तुम्ही करायचं, आणि तेही बहुधा गुन्हा नोंदल्यानंतर. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीचा खटला १४ वर्षं चालला आणि २००९ मध्ये ते निर्दोष सुटले. म्हणून ‘किती घाबरायचं’ यावर माझं उत्तर असं: निकालाला फार घाबरू नका, तिथपर्यंतच्या तारखांची तयारी ठेवा. दालन उघडण्याआधी फौजदारी कामं बघणाऱ्या वकिलाला एक तासाची फी देऊन फोटो आणि संमतिपत्र दाखवा. गुन्हा नोंदल्यावर वकील शोधण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

तुमचा बचाव तुमच्या दालनाच्या मांडणीतूनच उभा राहतो. मालिकेचं निवेदन, प्रत्येक फोटोचं साल, तंत्र, प्रिंटचा आकार, कुठे प्रदर्शित झाला त्याची नोंद, दारात अठरा वर्षांची सूचना. ती सूचना क्लिक करून कुणीही आत येतं हे खरं, पण तुमचा हेतू त्यातून दिसतो. फोटोखाली ‘मादक’, ‘हॉट’ छापाचे टॅग टाकलेत तर स्वतःच्या हाताने बचाव मोडाल. आणि कृष्णधवल केलं की आपोआप कला होते, हा समज सोडा. कोणत्याही कायद्यात रंगाचा उल्लेख नाही.

इन्स्टाग्रामशी भांडू नका. त्यांच्या नियमांत चित्र-शिल्पातली नग्नता चालते, स्तनपान आणि स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे व्रण चालतात, छायाचित्रातली इतर नग्नता चालत नाही. स्टिकर लावून किंवा धूसर करून तिथे टाकलेला फोटो फोटोची अब्रू घालवतो आणि खातंही वाचवत नाही. तिथे फक्त हात, चेहरे, खिडकी, प्रदर्शनाचं आमंत्रण. फ्लिकरवर कलात्मक नग्नता ‘मॉडरेट’ किंवा ‘रिस्ट्रिक्टेड’ अशी खूण करून चालते, पण त्यासाठी पैसे भरून घेतलेलं प्रो खातं लागतं. खूण करायला विसरलात तर तिथेही कारवाई होते.

स्वतःची साइट हाच बरा मार्ग, फक्त होस्टिंग घेण्याआधी त्या कंपनीचं वापराचं धोरण वाचा. पुष्कळ स्वस्त होस्टिंगवाले ‘अडल्ट’ शब्दाखाली सगळंच बंद करतात आणि एका तक्रारीवर साइट उतरवतात. विकत द्यायच्या प्रिंटसाठी पेमेंट गेटवेचंही तसंच. कंपनीला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

साइट बांधताना माझं मत असं की दालन दोन खोल्यांचं करा. बाहेरच्या खोलीत निवेदन आणि पाच-सहा असे फोटो, जे कुणाच्याही आईने बघितले तरी चालतील: पाठ, खांदा, हात, चेहरा. आतली खोली पासवर्डची. क्युरेटर, संपादक, रसिक यांनी ईमेलने मागायचा. ऑनलाइन म्हणजे सर्वांसाठी सताड उघडं, हा तुमचा तिसरा समज. तुमचं काम ज्यांनी बघायला हवं ते पासवर्ड मागतील, आणि ज्यांना मागायचा आळस आहे त्यांच्यावाचून तुमचं काही अडत नाही.

काही तांत्रिक गोष्टी हमखास चुकतात. आतली पानं गूगलमध्ये येऊ नयेत म्हणून लोक रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कोणती पानं उघडायची नाहीत ते सांगणारी फाइल) बंदी घालतात आणि पानावर नोइंडेक्सची, म्हणजे ‘निकालात दाखवू नका’ अशी, खूणही टाकतात. दोन्ही एकत्र केलं की घोटाळा होतो: बंदीमुळे गूगल पान उघडतच नाही, त्यामुळे आतली नोइंडेक्सची खूण त्याला दिसत नाही, आणि पत्ता तरीही निकालात येऊ शकतो. पासवर्ड हाच खरा अडसर. तोही पानालाच नव्हे, फोटोंच्या फोल्डरला लागतोय ना, हे तपासा; फोटोचा थेट पत्ता ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत टाकून बघा. दुसरी चूक लिंकच्या झलकेची. व्हॉट्सॲपवर साइटची लिंक टाकली की पानावरचा एखादा फोटो झलक म्हणून उमटू शकतो. मामेभावाच्या ग्रुपवर काय होईल ते तुम्हीच बघा. झलकेसाठी फक्त अक्षरांचं एक चित्र नेमून द्या आणि लिंक आधी स्वतःलाच पाठवून तपासा.

तिसरी चूक सर्वांत घातक. फाइलच्या पोटात एक्झिफ माहिती असते: तारीख, कॅमेऱ्याचा क्रमांक, फोनने काढला असेल तर ठिकाण, आणि कधी कधी एक छोटं चित्र. चेहरा कापून फाइल जतन केली तरी काही सॉफ्टवेअर ते छोटं चित्र जुनंच ठेवतात, कापण्याआधीचं. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून निर्यात करताना ‘फक्त कॉपीराइट’ हा पर्याय निवडा. दुसरा पर्याय घेतलात तर ठिकाण आणि व्यक्तीची नावं काढायची खूण तरी करा. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको. लांब बाजू १२०० पिक्सेल पुरे. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ती छापली तर जेमतेम १० सेंटिमीटर भरते. उजवं क्लिक बंद करणं हा निव्वळ देखावा आहे, स्क्रीनशॉटला ते लागू होत नाही. फोटोवर आडवं नाव थापण्यापेक्षा कोपऱ्यात बारीक नाव ठेवा. मूळ फाइल एनक्रिप्ट केलेल्या दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. मेमरी कार्ड नुसतं फॉरमॅट करून लग्नाच्या कामाला वापरू नका आणि सहायकाला देऊ नका. फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटो परत काढता येतात. या मालिकेसाठी वेगळं कार्ड ठेवा.

साठ फोटो फार झाले. वीसच्या आसपास थांबा. तुम्ही याला व्यक्तिचित्रं म्हणता, पण चेहरे किती आहेत ते मोजा. स्त्रियांच्या फोटोंत डोकं फ्रेमबाहेर आणि पुरुषांच्या फोटोंत नजर कॅमेऱ्यात, अशी विभागणी नकळत झाली असेल, तर बघणाऱ्याला ती लगेच जाणवते. ज्यांना चेहरा नको त्यांचा तो आग्रह योग्यच आहे, मात्र मग पाठ, हात, बसण्याची ढब यातून ती व्यक्ती दिसली पाहिजे. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रांटने दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या वाइड-अँगल कोडॅक कॅमेऱ्याने शरीरं मुद्दाम ताणली. तिथे ती दगडासारखी, भूरूपासारखी होतात आणि तेच त्याला हवं होतं. तुम्ही जवळून ३५ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या फोटोत मांडी मोठी आणि डोकं लहान झालं असेल आणि ते ठरवून केलेलं नसेल, तर तो फोटो बाद. फुल-फ्रेमवर ८५ मिलिमीटर आणि दोन-अडीच मीटरचं अंतर शरीराशी प्रामाणिक राहतं.

आणि एक खटकणारी सवय. कृष्णधवल करताना नारिंगी आणि लाल चॅनेल वर नेला की त्वचेवरचे डाग विरतात, म्हणून सगळे तो वर नेतात. त्याने सावळी माणसं गोरी होतात. लग्नाच्या अल्बममध्ये तुम्हाला ते रोज करावं लागत असेल, इथे तरी करू नका. पोटावरचे ताणाचे व्रण, टाक्यांच्या खुणा ठेवायच्या का, हे त्या माणसाला विचारा. पुटकुळी पुसायला विचारायची गरज नाही. इलॅस्टिकचे वळ रिटचिंगने काढत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी बैठकीआधी तास-दोन तास सैल कपडे घालून यायला सांगा. हे काम सुरू करणाऱ्या इतरांसाठीही एवढं सांगतो: कपडे बदलायला वेगळी खोली, अंगावर घ्यायला झगा, त्यांना हवी असेल ती सोबत, एसी २६-२७ वर, आणि पोज सुधारायची ती शब्दांनी किंवा स्वतः करून दाखवून. हात लावून नाही.

बायकोचा विरोध नाही, यावर समाधान मानू नका. त्यांना कोणी हळदीकुंकवात विचारलं तर काय सांगायचं, हे दोघांनी आधी बोलून ठेवा, कारण प्रश्न तुम्हाला कमी आणि त्यांना जास्त येतील. लग्नाच्या कामापासून हे काम वेगळं ठेवायला हरकत नाही: वेगळं डोमेन, नोंदणीतला पत्ता लपवलेला, वेगळा ईमेल आणि वेगळा फोन नंबर. तोच नंबर दिलात तर इन्स्टाग्राम तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना हे खातं स्वतःहून सुचवेल. पण नाव बदलून सगळं कायमचं दडवता येईल या भरवशावर राहू नका. काही कामं तुटतील. वर्षाच्या लग्नसराईतली दोन-चार कामं गेली तर घर चालेल का, हा हिशेब आधी मांडा. उत्तर नाही असेल तर यंदा फक्त पासवर्डची खोली उघडा आणि छापील प्रदर्शनाचा प्रयत्न करा. त्यात कमीपणा नाही.

सगळी काळजी घेऊनही एखादा फोटो बाहेर फिरू शकतो. तेव्हा पहिला फोन त्या व्यक्तीला करा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग त्या संकेतस्थळाकडे तक्रार. तक्रार फोटोतल्या व्यक्तीने केली तर सहसा लवकर दखल घेतली जाते. तुम्ही कॉपीराइटच्या आधारे वेगळी करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा, १९३० हा त्यांचा क्रमांक. स्टॉप-एनसीआयआय ही संमतीशिवाय पसरणारे खाजगी फोटो रोखण्यासाठीची मोफत सेवा फोटोचा अंकी ठसा त्या व्यक्तीच्याच फोनवर तयार करते. फोटो फोनबाहेर जात नाही, ठसा फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो पुन्हा चढवला गेला तर त्यांना ओळखता येतो. मात्र ठसा काढायला तो फोटो त्या व्यक्तीकडे असावा लागतो. म्हणून दालनात लावलेल्या प्रत्येक फोटोची, वेबसाइटच्या आकारातली एक प्रत संमतिपत्रासोबत त्या व्यक्तीला आधीच देऊन ठेवा.